चौथीच्या मुलांना लष्करी बँड ऐकायला न्यायचंय, त्याआधी वर्गात काय करून घेऊ?

चौथी_ब
नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवते, पट ४१. पुढच्या महिन्यात आमच्या शहरात लष्कराच्या बँडचा मैदानी कार्यक्रम आहे, ब्रास बँड (पितळी वाद्यांचा) आणि पाइप बँड (बॅगपाइपचा) दोन्ही, आणि शाळांना पुढची जागा मिळणार आहे. मागे मी एका दुसऱ्या शाळेत होते तिथून पण असंच नेलं होतं, पण मुलांना आधी कोणी एक अक्षर सांगितलं नव्हतं, दीड तास आधी नेऊन उन्हात बसवलं आणि बँड आत आला तेव्हा मुलं पाण्याच्या बाटलीवरून भांडत होती. दुसऱ्या दिवशी 'मी पाहिलेला बँड' असा निबंध दिला तर जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं, आवाज खूप मोठा होता. मला ते अजून लागून राहिलंय, कारण इतकी माणसं समोर वाजवत चालताहेत हे त्या मुलांना पुन्हा कधी बघायला मिळेल सांगता येत नाही.
माझ्याकडे चार तास आहेत (संगीताचा एक, पीटीचे दोन, एक माझा). प्रोजेक्टर आहे, स्पीकर बरा आहे, पैसे नाहीत. मुलांना माहीत काय, तर लग्नातला बँड, गणपतीतले ढोल-ताशे आणि शाळेचं लेझीम. कुठून सुरुवात करू?

वरचा_सा
सोप्पं आहे की ताई. २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात बीटिंग रिट्रीट म्हणजे सैन्याच्या बँडांचा सोहळा होतो त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत, अर्धा तास दाखवा, मग वाद्यांचा तक्ता लावा, ट्रंपेट ट्रॉम्बोन क्लॅरिनेट नावं पाठ करून घ्या. मुलं प्रत्यक्ष बघतील तेव्हा ओळखतील.

निवृत्त_युफोनियम
वरचा_सा यांचा मान राखून सांगतो, तक्ता शेवटी. मी लष्करी बँडमध्ये २४ वर्षं युफोनियम (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य) वाजवलं, पचमढीला जिथे लष्कराचं संगीताचं प्रशिक्षण होतं तिथे शिकलो. आम्हाला पहिले काही दिवस वाद्य हातात मिळतच नव्हतं, नुसतं चालणं. कारण मार्चिंग बँड म्हणजे वाजवणारी माणसं नव्हेत, *चालता चालता* वाजवणारी माणसं. हा फरक पायातनं कळतो, तक्त्यातनं नाही.
बाई, पहिला तास मैदानावर घ्या. तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, सेकंदाला दोन. एका मुलाच्या गळ्यात शाळेतला मोठा ढोल द्या आणि सांगा की ठोका नेहमी डाव्या पायावर. बास, इतकंच. बाकीच्यांनी तोंडाने काही म्हणायचं नाही, फक्त डावा पाय आणि ठोका एकत्र पडला पाहिजे. दहा मिनिटांत मुलांना कळतं की बँडमधला खरा मालक बास ड्रमवाला, म्हणजे मोठ्या ढोलवाला आहे, ट्रंपेटवाला नाही. मग चालता चालता एखादं साधं गाणं म्हणायला लावा. दम लागतो, सूर हलतो, रांग वाकडी होते. तेव्हा सांगा, आता हेच ते लोक दहा किलोचं वाद्य खांद्यावर घेऊन करणार आहेत, वर डोक्यावर पगडी आणि कडक गणवेश.
मग कार्यक्रमात त्यांची नजर आपोआप पायाकडे जाते. ज्याने एकदा स्वतः केलंय त्याला दुसऱ्याचं कसब दिसतं.

चौथी_ब
काका हे फारच आवडलं. पण व्हिडिओ अजिबात दाखवू नको का?

निवृत्त_युफोनियम
दाखवा, पण एक-दीड मिनिट, आणि चालायचा तास झाल्यावर. स्पीकरमधनं बास ड्रमचा ठोका छातीत जाणवत नाही, त्यामुळे अर्धा तास व्हिडिओ बघितलेलं पोर 'हे तर बघितलंय' म्हणून प्रत्यक्षात बसतं. थोडं राखून ठेवावं.

तिसरी_घंटा
मी विज्ञान शिकवते, सातवी-आठवी. एक प्रयोग सांगते जो मार्चिंग बँडशिवाय दुसरीकडे इतका छान दिसत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बँडचं पाऊल अर्ध्या सेकंदाला एक. म्हणजे बँड तुमच्यापासून १७० मीटरवर असेल तर ठोका तुमच्यापर्यंत यायला बरोबर एक पाऊल उशीर होतो, मारला डाव्या पायावर पण तुम्हाला ऐकू येतो तेव्हा समोर उजवा पाय पडलेला असतो!! ८५ मीटरवर असेल तर ठोका ऐकू येताना पाय हवेत. लांबून बघणाऱ्याला वाटतं बँड चुकतोय, आणि जसजसा जवळ येतो तसतसे पाय आणि ठोका जुळत जातात. मुलांना हे आधी सांगू नका फक्त विचारा, बँड लांब असताना पाय आणि ढोल जुळतात का बघा बरं.
शाळेत करायचं तर मैदानाच्या एका टोकाला एकाने थाळी वाजवायची हात पूर्ण वर नेऊन, दुसऱ्या टोकाला बाकीचे. ६०-७० मीटर मिळाले तरी हात आधी आणि आवाज मागून हे दिसतं.

दूरदेशी_आई
हे वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. आम्ही अमेरिकेत, मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये मेलोफोन वाजवते (फ्रेंच हॉर्नचा मैदानी भाऊ म्हणा, त्याचं तोंड समोर असतं म्हणून आवाज समोर जातो). तिसरी_घंटा यांनी जे सांगितलं तो इकडे रोजचा प्रश्न आहे, फुटबॉलच्या मैदानावर बँड इतका पसरलेला असतो की कानाने ऐकून वाजवलं तर अर्धा बँड मागे पडतो. म्हणून मागच्या लोकांनी ड्रम मेजरच्या (हाताने ताल दाखवणाऱ्या म्होरक्याच्या) हाताकडे *बघून* वाजवायचं आणि पुढच्यांनी मागून येणाऱ्या ड्रमच्या आवाजाबरोबर वाजवायचं, म्हणजे प्रेक्षकांपर्यंत सगळं एकत्र पोचतं. तिला हे अंगवळणी पडायला पहिलं वर्ष गेलं.
आणि पावलं! मैदानावर दर ५ यार्डांना रेघ असते, त्या ५ यार्डांत बरोबर ८ पावलं. ना साडेसात ना सव्वाआठ. ऑगस्टच्या उन्हात पोरं पार्किंग लॉटवर वाद्याशिवाय नुसती तीच आठ पावलं टाकत असतात. काकांचं म्हणणं अगदी खरं आहे, इकडे पण आधी पाय.
चौथीच्या मुलांसाठी: मैदानावर फक्कीने दोन रेघा आखा आणि आठ पावलांत बरोबर रेघेवर पोचायला सांगा, न बघता. त्यांना खेळ म्हणून खूप आवडेल.

ताशावाला_नाशिक
एक मनातलं विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे ढोल-ताशा आहे, संबळ आहे, तुतारी आहे. मुलांना आधी आपलं धड ऐकवत नाही आणि ट्युबा युफोनियम शिकवायला निघालो, हे मला पटत नाही. माझी स्वतःची १२ वर्षं पथकात गेलीत, एकसाथ ८० ढोल एका ताशाच्या इशाऱ्यावर थांबतात ते शिस्तीत कुठे कमी आहे?

चौथी_ब
दादा राग कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. पण तुमच्याच उत्तरात मला रस्ता दिसतोय. मुलांना ताशा माहीत आहे तर साइड ड्रमची ओळख ताशापासूनच करता येईल ना? तुम्ही सांगाल का फरक काय ते, मला वाजवण्यातलं कळत नाही.

ताशावाला_नाशिक
हो सांगतो की. ताशा खोलगट भांड्यावर ताणलेला, दोन बारीक काड्यांनी वाजवायचा, आवाज कडकडीत. साइड ड्रमला खालून पण पान असतं आणि त्या खालच्या पानाला चिकटून तारा असतात, वर काठी पडली की खाली तारा थरथरतात म्हणून तो चर्रर्र आवाज येतो. तारा सैल केल्या की तोच ड्रम अगदी साध्या ढोलकासारखा बोलतो. मुलांना दाखवायचं तर पत्र्याचा डबा पालथा घ्या, वर थोड्या बारीक साखळ्या नाहीतर पिना ठेवून वाजवा, कळेल लगेच. आणि कामही तेच, ताशा जसा ढोलांना चाल देतो तसा तो बँडला.
आणि एक, तुतारी जरूर दाखवा. आमच्याकडे तुतारीवाले आहेत ते शाळेत आनंदाने येतील, तुमच्या गावातही असतील.

निवृत्त_युफोनियम
ताशावाले, तुमचं बोलणं मनाला भिडलं. तुतारीवरूनच तर सगळं पितळी घराणं उलगडतं. तुतारीला कळ नाही, भोक नाही, फक्त ओठ. ओठ जरा आवळले की सूर वर उडी मारतो, पण मधले सूर मिळत नाहीत. बिगुलाचंही तसंच. मग मधले सूर हवेत तर काय करायचं, नळी लांब करायची! ट्रंपेटच्या तीन कळा हेच करतात, कळ दाबली की हवा एका जास्तीच्या नळीतून फिरून येते. मधली कळ अर्धा सूर उतरवते, पहिली एक सूर, तिसरी दीड. ट्रॉम्बोनवाला कळ न दाबता नळीच पुढे सरकवतो. सगळं गणित लांबीचं.
वर्गात सुतळी घ्या. ट्रंपेट उलगडून सरळ केला तर साधारण साडेचार फूट. माझं युफोनियम नऊ फूट. मोठा ट्युबा अठरा फूट. दर वेळी दुप्पट, आणि दर वेळी आवाज बरोबर एक सप्तक खाली. पेटीवर सा, त्याखालचा सा, त्याखालचा सा वाजवून तीन सुतळ्या धरून तीन मुलं उभी करा. हे मी माझ्या नातवाच्या वर्गात केलं होतं, अठरा फुटांची सुतळी वर्गात मावेना म्हणून पोरं ती गुंडाळायला लागली, आणि तिथेच त्यांना कळलं की ट्युबा असा वेटोळा का असतो. मी काहीच बोललो नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्याकडे चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवायचे, आधी तोंडाने सोल्फेज (म्हणजे सुरांची नावं घेत गाणं) मग हातात व्हायोलिन किंवा क्लॅरिनेट. त्यातून तयार झालेले कितीतरी वादक मुंबईला लष्करी-पोलीस बँडांत, हॉटेलांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. गावच्या फेस्ताला आजही ब्रास बँड असतो. तर सुचवणं एवढंच की मुलांना एखादी ओळ तरी *वाचून* टाळ्या वाजवायला द्या, लांब टाळी छोटी टाळी, चिन्हं तुमचीच ठरवा, म्हणजे समोरची ३०-४० माणसं एकच कागद वाचून शिकलीत हे त्यांना उमगेल.

रेशीमगाठ
मी पालक म्हणून लिहितेय. माझ्या मुलाला मोठे आवाज सहन होत नाहीत, ऑटिझम आहे, दहा वर्षांचा. अशा कार्यक्रमांना शाळा एकतर त्याला घरी ठेवा म्हणते नाहीतर तसंच नेते आणि मग तो कान धरून रडतो आणि सगळे त्याच्याकडे बघतात. ४१ मुलांत तुमच्याकडेही एखादं असेल. एवढं करा: आदल्या आठवड्यात तोच आवाज लहान करून रोज थोडा ऐकवा. कानावर घालायचे मफ जवळ ठेवा. पितळी वाद्यांच्या तोंडासमोर बसवू नका, कडेला बसवा, आणि बाहेर पडायची वाट कुठे आहे ते त्याला आधी दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आवाज *कधी* येणार हे त्याला आधी कळलं तर निम्मी भीती जाते.

निवृत्त_युफोनियम
ताई, त्यासाठी एक हमखास खूण आहे. बँड सुरू व्हायच्या आधी साइड ड्रमचा रोल येतो, तीन पावलांचा, मग पुन्हा एकदा, आणि मगच सगळी वाद्यं एकदम सुरू होतात. म्हणजे ड्रर्रर्र ऐकलं की चार-पाच सेकंदांत मोठा आवाज येणार. थांबायच्या आधी पुढे चालणारा ड्रम मेजर आपली लांब काठी वर धरतो आणि बास ड्रमवर जोडठोके पडतात. या दोन खुणा लेकराला शिकवा, बँडवाल्याइतकंच त्याला कळेल पुढे काय होणार ते. खरंतर सगळ्याच मुलांना शिकवा.

रेशीमगाठ
काका, मनापासून आभार. हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

वरचा_सा
मी सुरुवातीला तक्ता म्हणालो होतो पण हे सगळं वाचून माझं मत बदललंय. एक भर घालतो, पाइप बँडवर कोणी बोललं नाही. बॅगपाइपला तंबोऱ्यासारखं समजावता येईल. खांद्यावरच्या तीन नळ्या एकच सूर अखंड धरतात (एक खालचा आणि दोन वरच्या सप्तकातला) आणि हातातल्या नळीवर धून, तिच्यात फक्त नऊ सूर. पिशवीत हवा असते म्हणून वादकाने श्वास घेतला तरी सूर तुटत नाही. पण त्यामुळेच एक सूर सलग दोनदा वाजवता येत नाही, मध्ये बारीकसा कण घालून तोडावा लागतो, आपण गाण्यात घेतो तसा. आणि आवाज लहान-मोठा करायची सोयच नाही. मुलांना एका सुरात 'आ' लावून ठेवायला सांगा निम्म्या वर्गाला, आणि बाकी निम्म्यांनी त्यावर गाणं म्हणायचं. झाला पाइप बँड.

तिसरी_घंटा
मस्त! आणि रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी पत्ती, समजवायला शरबताची नळी, एक टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापा, ओठांत धरून जोरात फुंका, वाजते. मग कात्रीने नळी कापत गेलं की सूर चढत जातो. सनईची पत्ती अशीच दुहेरी असते. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनला एकेरी. सॅक्सोफोन पितळेचा असून लाकडी वाद्यांत का मोजतात हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, उत्तर ही पत्ती. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने १८४६ साली पेटंट घेतलं त्याचं, त्याचंच नाव वाद्याला.

चौथी_ब
कालच कार्यक्रम झाला!! सगळं सांगते, जरा लांबेल.
चार तास असे गेले. पहिला मैदानावर ढोल आणि डावा पाय, त्यातच आठ पावलांची रेघ. दुसऱ्यात सुतळी, तुतारी (आमच्या गावात खरंच एक तुतारीवाले मामा निघाले, आले, पैसे घेतले नाहीत) आणि शरबताच्या नळ्या, त्या दिवशी शेजारच्या वर्गाची माफी मागावी लागली. तिसऱ्यात 'आ' लावून पाइप बँड आणि दोन खुणा. चौथ्यात काउंटर मार्च, म्हणजे पुढची रांग वळून मागच्या रांगांच्या मधल्या फटीतनं परत येते ते. हा मी एका मिनिटाच्या व्हिडिओत बघितला आणि मुलांना म्हटलं करून बघा. पहिल्या तीन वेळा सगळे एकमेकांवर आदळले. चौथ्यांदा जमलं तेव्हा मुलांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.
काल बँड लांबून आत आला आणि पहिल्या मिनिटात तीन मुलं एकदम ओरडली, बाई पाय जुळत नाहीयेत! आणि मग जवळ आल्यावर, जुळले जुळले. रोल सुरू झाला की अख्खी रांग कुजबुजायची, आता येणार. वर्गात एक मुलगी आहे तिला आवाजाचा त्रास होतो, ती कडेला मफ लावून बसली होती, प्रत्येक रोलला मफ नीट करायची आणि पाइप बँडच्या वेळी तिने ते काढून मांडीवर ठेवले. काउंटर मार्च झाला तेव्हा आमची ४१ मुलं उभी राहिली, बाकीच्या शाळांना कळेना काय झालं. 'कदम कदम बढाए जा' सुरू झालं तेव्हा ते राम सिंह ठकुरींनी आझाद हिंद सेनेसाठी बांधलेलं आहे हे मी सांगून ठेवलं होतं, मुलं डाव्या पायाने ताल धरून गात होती. बसल्या जागी डावाच पाय, सगळ्यांचा.
फसलं ते पण सांगते. मी मुलांचे पाच गट केले होते, एकेका गटाने एकेक वाद्य ऐकायचं. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ड्रमवाले खूश. क्लॅरिनेटच्या गटाला काहीच वेगळं ऐकू आलं नाही, एक मुलगा हिरमुसून म्हणाला बाई ते खोटं खोटं फुंकतात का. मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्त_युफोनियम
बाई, डोळे भरून आले वाचताना.
त्या मुलाला सांगा, खोटं नाही फुंकत. मोकळ्या मैदानावर लाकडी वाद्यांचा आवाज पितळेत विरघळतो. भाजीत गूळ टाकला तर गुळाचा खडा दिसत नाही, पण नसला तर लगेच कळतं, तसं. क्लॅरिनेट काढून घेतली तर तोच बँड कोरडा आणि टोचरा वाटेल. त्याला वेगळी ऐकायची असेल तर बँड थांबून बसून वाजवतो तेव्हा जवळ जायचं, किंवा मार्चच्या मधल्या हळू भागात, तिथे पितळ मागे सरतं आणि धून बऱ्याचदा क्लॅरिनेटकडे येते. तो कोणत्या शहरात आहे ते मला निरोपातून कळवा. माझे क्लॅरिनेट वाजवणारे जुने सोबती बऱ्याच ठिकाणी आहेत, कोणी ना कोणी वर्गात येईल.

चौथी_ब
निरोप पाठवलाय काका. त्याला आज सांगितलं, तर त्याने विचारलंय की ते काका येतील तेव्हा चालत वाजवतील की बसून.

निवृत्त_युफोनियम
दोन्ही. आधी चालत, आणि तो बास ड्रमवर.